जर्मनचे ताट

दावोस प्लाट्झहून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढाची गाडी, चार मिनिटांत तीनशे मीटर वर चढते आणि शात्झाल्पच्या दाराशी आणून सोडते. हिवाळ्यात पाहुणेही याच गाडीने येतात आणि त्यांच्या पेट्याही. आमच्या डब्यात आम्ही चौघे होतो : मी, माझी मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात. उरलेली सारी जागा स्कींच्या जोड्यांनी आणि त्या अवजड, करकरणाऱ्या बुटांनी अडवली होती. मुलगी आणि जावई झुरिकला राहतात. २०२५च्या फेब्रुवारीत त्यांनी मला तिकडे बोलावले आणि तीन रात्रींसाठी या हॉटेलात आणले. “आई, हा तुझाच डोंगर,” मुलगी म्हणाली, “फक्त एका रात्रीच्या भाड्याचे रुपये करून बघू नकोस.” मी अर्थातच ते पहिल्या पाच मिनिटांत करून पाहिले आणि कोणाला सांगितले नाही.

‘तुझा डोंगर’ असे ती का म्हणाली, ते सांगायला हवे. टोमास मान यांची ‘द मॅजिक माउंटन’ ही कादंबरी मी सुमारे तीस वर्षे विद्यापीठात शिकवली. मूळ जर्मन कादंबरी १९२४च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली. माझा व्यवहार लो-पोर्टर यांच्या १९२७च्या इंग्रजी भाषांतराशी. हान्स कास्टोर्प नावाचा हँबुर्गचा एक सरळसाधा तरुण दावोसच्या आरोग्यधामात आपल्या आजारी मावसभावाला तीन आठवड्यांसाठी भेटायला जातो आणि सात वर्षे तिथेच राहतो, इतकीच त्या प्रचंड ग्रंथाची हकिगत. शात्झाल्पचे हे हॉटेल म्हणजे त्या कादंबरीतले ‘बेर्गहोफ’ आरोग्यधाम, अशी येथे येणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. ती तितकीशी बरोबर नाही. मान यांच्या पत्नी काटिया १९१२ साली उपचारांसाठी राहिल्या होत्या त्या खालच्या बाजूच्या ‘वाल्डझानाटोरियम’मध्ये, मान त्यांना भेटायला आले तेही तिथेच. कादंबरीत शात्झाल्पचा उल्लेख स्वतंत्रपणे येतो : आपल्याहून उंचावर असलेले दुसरे आरोग्यधाम म्हणून. पण बेर्गहोफचे जे रूप वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते, ती दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली लांबलचक इमारत आणि तिच्या दर्शनी भागावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ओळीने मांडलेल्या बाल्कन्या, ते याच वास्तूशी अधिक जुळते. अभ्यासकाने एवढी दुरुस्ती नोंदवून गप्प बसावे. मीही जेवणाच्या टेबलावर ती नोंदवली. जावई आदराने ऐकत होता. नात डाळिंबी रंगाच्या सरबतात बुडून गेली होती.

ही वास्तू १९०० साली श्रीमंत क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम म्हणून उघडली. तिच्यासाठीच ती चढाची गाडी आदल्या वर्षी बांधली गेली. उंची १८६१ मीटर. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात कोरडी हवा, ऊन, भरपूर अन्न आणि सक्तीची विश्रांती एवढेच वैद्यकाच्या हाती होते. त्यांतली हवा आणि ऊन दावोसला देवाने दिले होते आणि उरलेल्या दोन गोष्टी पैशाने मिळत. पुढे औषधे निघाली, रुग्ण ओसरले आणि १९५०च्या दशकात या आरोग्यधामाचे हॉटेल झाले. भिंती त्याच, जिने तेच, बाल्कन्या त्याच. जिथे रुग्ण उताणे पडून तास मोजीत तिथे आता स्की करून दमलेली निरोगी माणसे पाय ताणून पडतात.

मी काही स्की करणाऱ्यांतली नव्हे. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर चढण्यापलीकडे डोंगराशी माझी ओळख नाही. तरीही पहिल्या सकाळी हॉटेलच्या मागच्या उतारावर उभी राहून मी तासभर ते पाहत राहिले. हा डोंगर स्कीच्या घाईगर्दीतून मुद्दाम बाजूला ठेवलेला आहे. येथे सावकाश उतरावे, थांबावे, पाहावे अशी अपेक्षा. लाकडाच्या, हल्ली कसल्याशा मिश्र द्रव्यांच्या, दोन अरुंद पट्ट्यांवर माणूस उभा राहतो, आणि ज्या उताराची आपल्याला भीती वाटायची तोच उतार त्याचे वाहन होतो. वळताना बर्फातून निघणारा तो आवाज रेशीम फाडल्यासारखा असतो. नात शिकवणीच्या रांगेत होती. पुढच्या मुलांमागून ती गुडघे मुडपून येई, पडे, हसे, उठे.

स्की आणि क्षय यांचे दावोसमध्ये असलेले नाते मला त्या उतारावर नव्याने जाणवले. आर्थर कॉनन डॉइल आपली क्षयग्रस्त पत्नी लुइझा हिला घेऊन येथे राहिले होते. रुग्ण पडून राहणार. सोबत आलेल्या धडधाकट माणसाने दिवसभर करायचे काय? डॉइल यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या आणि १८९४च्या मार्चमध्ये गावातल्या ब्रांगर बंधूंबरोबर ते खिंड ओलांडून आरोझाला पोहोचले. या प्रवासावर त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी लिहिलेला लेख इंग्रजी वाचकांना या खेळाची ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या लेखनात मोडतो. पुढे १९३४ साली याच गावात, बोल्गेनच्या उतारावर, स्की करणाऱ्यांना वर ओढून नेणारा यांत्रिक दोर बसला. म्हणजे एकाच गावात, एकाच बर्फात, काही माणसे निजून होती आणि काही घसरत होती. मान यांनी हे विलक्षण रीतीने एकत्र आणले आहे. ‘हिमवर्षाव’ या प्रकरणात रुग्ण असलेला हान्स कास्टोर्प वैद्यांना न सांगता स्की विकत घेतो, एकटाच डोंगरात जातो, वादळात सापडतो आणि एका गोठ्याच्या आडोशाला उभ्याउभ्या त्याला ते स्वप्न पडते, ज्याच्यावर जगभरच्या समीक्षकांनी पाने भरली. मीही भरली आहेत.

माझ्या त्या लेखनाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : या कादंबरीतला क्षय हा क्षय नसून पहिल्या महायुद्धाकडे सरकत चाललेल्या युरोपच्या आत्म्याचा रोग आहे. हे चुकीचे नाही. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हे वाक्य जसेच्या तसे लिहीत आणि मी त्यांना गुण देत असे. सुझन साँटॅग यांनी १९७८ साली रोगाचे रूपक करण्याच्या या सवयीवर कठोर टीका केली, तेव्हा तीही मी अभ्यासक्रमात घेतली आणि तिच्यावरही प्रश्न काढले. मराठीतली उदाहरणे देताना मी रणजित देसाईंची ‘स्वामी’ घेई. थेऊरला १७७२ साली क्षयाने गेलेल्या माधवरावांचा मृत्यू त्या कादंबरीत कसा तेजस्वी होतो, राजयक्ष्मा हे नावच त्या दुखण्याला कसे सिंहासनावर बसवते, हे सांगताना माझा आवाज चढत असे. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून वैद्यकीची पदवी घेऊन आल्या आणि १८८७ साली पुण्यात एकविसाव्या वर्षी क्षयानेच गेल्या, हेही मी सांगे. इतकी उदाहरणे मी दिली. एक दिले नाही.

ते उदाहरण माझ्या घरात, साताऱ्याच्या आमच्या जुन्या वाड्यात, माजघरालगतच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेले असे.

पहिल्या दुपारी जेवण झाल्यावर मंडळी उतारावर गेली आणि मी बाल्कनीत आरामखुर्चीवर पडले. समोर दरीपलीकडे याकोब्सहोर्नचा डोंगर, खाली दावोसची सपाट छपरे, आणि अंगावर असे ऊन की बर्फात बसूनही चेहरा भाजावा. खुर्चीच्या पायाशी दोन ब्लँकेटे घडी करून ठेवली होती. कादंबरीत योआखिम आपल्या भावाला ही ब्लँकेटे अंगाभोवती गुंडाळण्याची कला शिकवतो. प्रथम एका बाजूने, मग पायांखालून, मग दुसऱ्या बाजूने. मी हौसेने तसे करायला गेले आणि हात आपोआप चालू लागले. ही घडी मला येत होती. वाचून नव्हे. थंडीच्या दिवसांत आत्या गच्चीवर उन्हात पडे तेव्हा सोलापुरी चादर अंगाभोवती अशीच घेई. प्रथम एका बाजूने, मग पायांखालून. मी लहानपणी तिच्या शेजारी बसून ते शेकडो वेळा पाहिले होते. ती ते कोठे शिकली असेल, हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता.

आत्या पाचगणीच्या एका आरोग्यधामात चौदा महिने होती. १९६१च्या नोव्हेंबरपासून १९६३च्या आरंभापर्यंत. तेव्हा तिचे वय चोवीस, लग्नाला तीन वर्षे झालेली. पाचगणीची उंची तेराशे मीटरांच्या आसपास, खालच्या दावोस गावाहून दोन-अडीचशे मीटरच कमी. डोंगरावरच्या हवेवर भरवसा तोच. वडील महिन्यातून एकदा एस.टी.ने वाईवरून पसरणीचा घाट चढून तिला भेटायला जात. ती घरी पोस्टकार्डे पाठवी. ती मी पुढे वडिलांच्या कागदांत पाहिली. प्रत्येक कार्डात वजन आणि ताप : वजन दोन पौंडांनी वाढले, सायंकाळी नव्व्याण्णव होता, आज नाही. सासरच्या कोणाचे नाव एकाही कार्डात नव्हते. ‘द मॅजिक माउंटन’मध्ये काळ कसा तापमापकाने मोजला जातो, यावर मी एक निबंध लिहिला आहे. तो लिहिताना ही कार्डे माझ्याच कपाटात होती.

आत्या बरी झाली. डॉक्टरांनी तसे लिहून दिले. सासरहून मात्र कोणी न्यायला आले नाही, पुढे कधीच आले नाही. ती भावाकडे राहिली आणि ब्लाउज-परकर शिवून तिने आपला भार कोणावर पडू दिला नाही. घरात त्या आजाराचे नाव उच्चारले जात नसे. ‘छातीचं दुखणं’ म्हणत, नाहीतर ‘पाचगणीच्या वेळेला’ एवढेच. आणि तिचे ताट वेगळे होते. एक जर्मनचे ताट, त्याच धातूची वाटी आणि एक फुलपात्र. आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, हे साताऱ्या-कोल्हापुराकडच्या वाचकाला सांगायला नको. बाकी सर्वांची ताटे पितळेची, पुढे स्टीलची झाली; तिचे तेच राहिले. ते ती स्वतः घासी आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या फळीवर पालथे घाली. आम्हां मुलांना त्या फळीला हात लावायची बंदी होती. कोणी तिच्याशी वाईट वागत नव्हते, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. आई तिला सणाला लुगडे घेई, वडील तिच्या सल्ल्याशिवाय काही करीत नसत. फक्त पंगतीला ती बसत नसे. ‘मी मागून बसते,’ असे तीच म्हणे, आणि ते तिच्या स्वभावात गेले, असे आम्ही मानत आलो.

याच काळात जगात काय घडत होते, ते मला फार पुढे समजले. १९४३ साली अमेरिकेत एका तरुण संशोधकाने स्ट्रेप्टोमायसिन वेगळे काढले. त्याचे नाव अल्बर्ट शात्झ. शात्झ म्हणजे ठेवा, खजिना. शात्झाल्प म्हणजे ठेव्याचे कुरण. या शात्झने त्या शात्झाल्पचे दुकान बंद केले, असे म्हणावेसे वाटते; नोबेल पारितोषिक मात्र १९५२ साली त्याच्या वाट्याला न येता त्याच्या मार्गदर्शकाला एकट्याला मिळाले. (स्टीव्हन्सन यांनी ‘ट्रेझर आयलंड’चा उत्तरार्ध दावोसमध्ये राहून १८८१ साली लिहिला. ठेव्याचा हा योगायोग मी कोणत्याही सिद्धान्तासाठी वापरत नाही.) पण आरोग्यधामांच्या कल्पनेला खरा धक्का दिला तो मद्रासने. १९५६ साली तिथे क्षयाच्या औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. दाटीवाटीच्या वस्त्यांतल्या गरीब रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या घरीच ठेवून सारखीच औषधे दिली गेली. वर्षभराने निकाल जवळजवळ सारखाच आला. उत्तम हवा, उत्तम अन्न, पुरी विश्रांती यांवाचूनही घरची माणसे बरी झाली. आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागण झाली असेही दिसले नाही. उपचारांच्या निकालाचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. आत्या पाचगणीला गेली १९६१ साली. फळीवरचे ताट १९८५पर्यंत तरी मला आठवते.

संध्याकाळी जावई म्हणाला, चला, खालच्या बारमध्ये बसू. त्या बारचे नाव ‘एक्स-रे’. आरोग्यधामाच्या काळात तिथे क्ष-किरणांची खोली होती. आसपासची तरुण मंडळी त्या नावावर खूश होती आणि त्यांत वाईट काहीच नाही. शंभर वर्षांनंतर भीतीचे असे गमतीत रूपांतर होणे हे आरोग्याचेच लक्षण मानावे. मला कादंबरीतली ती गोष्ट आठवली : हान्स कास्टोर्पला मादाम शोशाने दिलेले तिचे चित्र म्हणजे चेहऱ्याचे छायाचित्र नसून तिच्या छातीचे क्ष-किरणचित्र आहे. तो ते जपून ठेवतो. या प्रसंगातल्या शृंगारावर आणि मृत्यूवर मी वर्गात दोन तास बोलत असे.

आमच्या घरीही असे एक चित्र होते. १९८०च्या १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण झाले. कारवार-अंकोल्याकडे खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. मी तेव्हा बावीस वर्षांची, साहित्याची पदव्युत्तर विद्यार्थिनी. ग्रहण पाहण्यासाठी एक्स-रेची फिल्म चालते असे कोणीतरी सांगितले. (ती डोळ्यांना धोक्याची, हे पुढे कळले.) धाकट्या भावाने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक पिवळा लिफाफा काढला आणि आम्ही सगळी भावंडे गच्चीवर जाऊन आळीपाळीने त्या फिल्ममधून कोरीत होत जाणारा सूर्य पाहू लागलो. फासळ्यांमधून सूर्य दिसत होता. डाव्या बाजूला वर एक पांढुरका डाग होता, तो आम्ही टाळत होतो, कारण तिथून नीट दिसत नसे. आत्या गच्चीच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “मला पण बघू द्या रे.” भावाने फिल्म तिच्या हातात दिली. तिने ती डोळ्यांसमोर धरली आणि ती सूर्य पाहत होती की दुसरे काही, ते मला सांगता येणार नाही. मग तिने फिल्म परत दिली आणि म्हणाली, “ओरखडे पाडू नका.”

त्या बारमध्ये मी सफरचंदाचा रस घेतला आणि लवकर खोलीवर आले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख मला पुरा करता येणार नाही. १९९४ साली माझा त्या कादंबरीवरचा दीर्घ लेख एका नियतकालिकात आला. आत्या वाचणारी होती. ‘स्वामी’ तिने कितीदा तरी वाचली होती. पण शेवटची प्रकरणे ती वाचत नसे. ‘पुढचं ठाऊक आहे’, म्हणे. माझा लेख तिने चष्मा लावून, दोन दुपारी घालवून वाचला. मग यंत्राचे चाक थांबवून तिने मला विचारले, “त्या पुस्तकातल्या लोकांची ताटं वेगळी असायची का गं?”

मी म्हणाले, “नाही. मोठं जेवणघर असतं. सात टेबलं. सगळे एकत्र बसतात, दिवसातून पाच वेळा खातात.”

“आणि चांगल्या चिनी मातीच्या बशा?”

“असतील. पण आत्या, ती कादंबरी त्याबद्दल नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि चाक पुन्हा फिरू लागले.

तिचा प्रश्न त्या ग्रंथावर मला विचारला गेलेला सर्वांत मोठा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मी नापास विद्यार्थिनीसारखे दिले. त्या लेखाच्या पुढच्या आवृत्तीत मी तळटिपा वाढवल्या. आत्या २००४ साली गेली, क्षयाने नव्हे, हृदयविकाराने. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्या देशात आहे आणि औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. त्यांतल्या किती घरांत दाराबाहेर अशी फळी असेल, याचा हिशेब कोणत्या अहवालात लागणार?

तिसऱ्या दिवशी नातीने हट्ट धरला की आजीने तिच्याबरोबर घसरगाडीवरून खाली यायचे. शात्झाल्पपासून खालच्या गावापर्यंत झाडांमधून वळणे घेत जाणारी जवळजवळ तीन किलोमीटरांची वाट आहे. मुले लाकडी स्लेजवर बसून किंचाळत तिच्यावरून उतरतात. मला तिथे उभे राहिल्यावर योआखिमचे सांगणे आठवले. वरच्या शात्झाल्पचे मृतदेह हिवाळ्यात वाटा बंद असतात तेव्हा स्लेजवरून खाली पाठवतात, असे तो हान्सला सहज सांगतो आणि हान्सला हसू आवरत नाही. कादंबरीचा हा पुरावा इतिहासाला चालेल असे नाही. पण नात माझ्यापुढे बसली, तिने माझे हात आपल्या पोटाभोवती घट्ट ओढून घेतले आणि पाय उचलले, तेव्हा तो पुरावा, इतिहास आणि माझे गुडघे यांचा विचार करायला सवड राहिली नाही. दुसऱ्या वळणावर आम्ही दोघी बर्फात पडलो. ती म्हणाली, “आजी, तू छान पडतेस.”

त्या दुपारी निघण्यापूर्वी मुलगी माझ्याशेजारी बाल्कनीत येऊन पडली. तिला ब्लँकेट नीट घेता येईना, म्हणून मी उठून तिच्याभोवती ते गुंडाळले. “हे कुठे शिकलीस?” तिने विचारले. मी सांगितले. आत्याआजीला दमा होता, असेच तिला आजवर ठाऊक होते. ते तिला मीच सांगितले होते. पाचगणी, पोस्टकार्डे, सासर, फळी, ग्रहण, सगळे ऐकताना ती समोरच्या डोंगराकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मी पाच-सहा वर्षांची असताना एकदा तिच्या ताटातला भात खाल्ला होता. तिने मला केवढं रागावलं. मग आत जाऊन रडत होती. मला वाटायचं, मी तिचा भात संपवला म्हणून.”

मी काही बोलले नाही. ऊन डोंगरामागे गेले होते. ते तिथे फार लवकर जाते. हॉटेलातली मुलगी दारावर टकटक करून आत आली, मोडक्या इंग्रजीत क्षमा मागून तिने आमच्या अंगावरची ब्लँकेटे मागितली, आणि ती एकेक करून झटकून, कडेला कड जुळवून घड्या घालू लागली.